‘असू दे, लागतंय कधीतरी’: पसारा, चिडचिड आणि माळ्यावरची ट्रंक

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. दोन खोल्या आणि वर माळा. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मी दहा ते सहा नोकरी करते. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की डोकं भणभणायला लागतं. कॉटखाली डबे, दाराआड पिशव्या, माळ्यावर सासऱ्यांच्या कपड्यांची ट्रंक, जुनी भांडी, मोडका मिक्सर. सासूबाई काही टाकू देत नाहीत. ‘असू दे, लागतंय कधीतरी’ एवढंच म्हणतात. मागच्या महिन्यात रागाच्या भरात मी दोन पोती परस्पर भंगारवाल्याला दिली. त्यानंतर आठ दिवस त्या धड जेवल्या नाहीत. मुलांवर मी विनाकारण ओरडते. हे काही बोलत नाहीत. पसाऱ्याचा खरंच मनावर परिणाम होतो, की मलाच काहीतरी झालंय? आणि सासूबाईंना सगळं साठवून ठेवायचा आजार तर नसेल?

उत्तर:

आधी त्या दोन पोत्यांविषयी बोलते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

पोत्यांत काय होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा पाहिलंही नसेल. रागात पोतं भरताना कोण बघत बसतं? सासूबाईंना मात्र ते वस्तूवार आठवत असणार. त्यांचं जेवण तुटलं ते भंगारात गेलेल्या डब्यांपायी असं मला वाटत नाही. आपण घरात नसताना आपलं काहीही बाहेर जाऊ शकतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. इथून पुढे त्या जास्त राखण करतील, कमी नाही.

हे अंदाजानं सांगत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून मला आता चोवीस वर्षं होतील, आणि हा प्रसंग मी इतक्या घरांतून ऐकलाय की पुढचं वाक्य काय येणार ते कळतं. एका घरात आई पंढरपूरला गेलेली बघून मुलांनी तीन दिवसांत अख्खं घर रिकामं केलं, रंगसुद्धा काढला. आई आली, सगळीकडं नजर फिरवली, ‘छान झालं’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून फडताळाला कुलूप आणि किल्ली कमरेला. वर्षाच्या आत घर होतं तसं भरलं, फक्त आता प्रत्येक पिशवीला गाठ मारलेली. मुलं मला म्हणाली, ‘मॅडम, आम्ही चांगलंच करायला गेलो हुतो.’ तेही खरंच होतं.

तेव्हा पहिलं काम: सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगा की ती पोती मी तुम्हाला न विचारता दिली, ते चुकलं, इथून पुढे तुमची वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय हलणार नाही. हे म्हणायला जीभ जड होईल. पण हे झाल्याशिवाय खाली लिहिलेलं काहीच कामाला येणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, परिणाम होतो. कसा होतो ते सांगते, कारण ‘घर स्वच्छ तर मन स्वच्छ’ असली वाक्यं ऐकून बायका स्वतःलाच आणखी दोष देतात.

एक तर डोळ्यांची गोष्ट. नजरेसमोर एका वेळी खूप वस्तू असल्या की मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात त्या एकमेकींशी भांडतात. प्रत्येकीचा ठसा थोडा पुसट होतो आणि हवी ती एकच धरून ठेवायला मेंदूला जास्तीची मेहनत पडते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर हे दाखवलं, ते २०११ मध्ये छापून आलं. लक्ष्मीपुरीतल्या बाजारात रविवारी गर्दीत एखादा माणूस शोधताना जसं होतं ना, तसं. बाजारात अर्धा तास जातो, मग आपण बाहेर पडतो. तुमच्या ओट्यावर तसं रोज असतं, आणि बाहेर पडायला जागा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दाराआडची पिशवी ही नुसती पिशवी नसते. तिच्यावर एक प्रश्न चिकटलेला असतो: हिचं काय करायचं? मिक्सर दुरुस्त करायचा की द्यायचा? दिला तर कुणाला? सासूबाईंना कोण सांगणार? दिवसभर ऑफिसात तुम्ही निर्णय घेता आणि घरी आल्यावर दारातच असे पन्नास न घेतलेले निर्णय उभे असतात. बसायच्या आधीच दमायला होतं ते त्यामुळं. पसारा म्हणजे पुढे ढकललेले निर्णय, असं मी पेशंटना सांगते. आणि मग लगेच विचारते, ढकलले कुणी आणि येऊन साठले कुणापाशी?

याच्याशी जोडलेला एक अभ्यास आहे. लॉस एंजेलिसमध्ये दोघंही नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांचा. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोघींनी तो केला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवरा आणि बायको दोघांनाही वेगवेगळं, आपापलं घर कॅमेऱ्यासमोर फिरून दाखवायला सांगितलं. बोलताना कोण ‘पसारा’, ‘राहिलंय’, ‘करायचंय’ अशा अर्थाचे शब्द किती वापरतं ते मोजलं. शिवाय काही दिवस लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल तपासलं. कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक. ते सकाळी उठल्यावर जास्त असतं आणि दिवस मावळेपर्यंत उतरत जायला हवं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं जास्त होती, त्यांच्यात ही उतरण सपाट दिसली, म्हणजे दिवसाचा ताण संध्याकाळी उतरायचा तसा उतरत नव्हता. दिवस चढेल तसं मनही जास्त खिन्न होत जात होतं. नवऱ्यांमध्ये असा संबंध तसा दिसला नाही.

याचा अर्थ काढताना मात्र घाई नको. या अभ्यासात घरातल्या वस्तू मोजल्या नव्हत्या, तोंडचे शब्द मोजले होते. आणि पसाऱ्यामुळं मन खिन्न झालं की खिन्न मनाला पसारा जास्त दिसला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. माझ्या अनुभवात दोन्ही होतं आणि एकमेकाला ढकलत राहतं.

नवऱ्यांचं काय, हा मुद्दा आलाच आहे तर सांगते. तुमच्या अख्ख्या पत्रात तुमचे मिस्टर एका ओळीत येऊन गेलेत: ‘हे काही बोलत नाहीत.’ घर त्यांचं, आई त्यांची, ट्रंकेतले कपडे त्यांच्या वडिलांचे. आणि भांडण सासू-सुनेचं. हे मला दर दुसऱ्या घरात दिसतं आणि दर वेळी राग येतो. पसारा त्यांना दिसत नाही असं नसतं. आवरलं नाही म्हणून पाहुणे आपल्याला नावं ठेवणार नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. खाली मी त्यांच्यासाठी एक काम ठेवलंय.

आता पुराविषयी. तुम्ही पुराचा उल्लेख केलेला नाही, पण शुक्रवार पेठ म्हटल्यावर मला विचारायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तुमच्या गल्लीत पाणी शिरलं असेल तर आठवून बघा, घरातलं काय गेलं आणि काय वाचलं. गेलं ते रोजच्या वापरातलं: फ्रिज, गाद्या, तांदूळ, मुलांची दप्तरं. वाचलं ते माळ्यावरचं. म्हणजे ज्याला आपण अडगळ म्हणतो, नेमकं तेच.

पूर ओसरल्यावर काही दिवसांनी एका घरी गेले होते. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्या वर. खालची खोली रिकामी, फरशी धुतलेली, तरी तो वास होताच. साठीच्या बाई शिडीवर चढून माळ्यावरून एकेक पितळी भांडं खाली देत होत्या आणि मुलगी घेत होती. त्यात एक जर्मनचा डबा होता, झाकण न बसणारा, एरवी कुणीही भंगारात टाकला असता. त्यात त्यांनी चहा केला. घरात तेव्हा दुसरं भांडं नव्हतं. त्या डब्याकडं बोट करून म्हणाल्या, ‘ह्यो तेवढा उरला बघा.’ त्यानंतर त्या बाईंना ‘आई, जुनं टाका’ असं कुणी कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्याच आठवड्यात रस्त्यांवर चिखलानं भरलेल्या गाद्या, कपाटं, पुस्तकं यांचे ढीग लागले होते. वीस-वीस वर्षांचा संसार माणसांनी एका दिवसात स्वतःच्या हातानं बाहेर काढला. त्यानंतर माझ्याकडं आलेल्यांत दोन तऱ्हा दिसल्या. काहींनी पुन्हा वस्तू जमवायलाच नको असं ठरवलं. प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आणि भिंतीत उंचावर कपाट. काहींना त्यानंतर साधी प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा हातातून सोडवेना. ‘लागतंय कधीतरी’ हे वाक्य आपल्याला हट्ट वाटतं. ज्यांना ते ‘कधीतरी’ एकदा खरोखर भेटलंय, त्यांच्यासाठी तो अनुभव आहे. त्या दिवसांत पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता, दूध-पेट्रोल मिळत नव्हतं, आणि चारी बाजूंनी पाणी असताना नळाला पाणी नव्हतं. घरात कळशी-हंडे भरून ठेवणारी सासूच शहाणी ठरली होती.

शिवाय आपल्याकडची बेगमीची सवय. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणायची, शेवया-कुरडया-पापड डब्यात भरायचे, जोंधळा-गहू कणगीत नाही तर आता टाकीत. त्याला कुणी पसारा म्हणत नाही, आणि म्हणूही नये. बेगमी आणि अडगळ यांत मी एकच फरक करते: बेगमीला तारीख असते. चटणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपणार. मोडक्या मिक्सरला तारीख नाही.

आणि जरा स्वतःच्या कपाटातही डोकावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालेल्या वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या, टोपल्या, चाळण्या. लग्नात आलेले टॉवेल-टोप्या. ब्लाऊजपीस! आपल्याकडं ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही, ते फक्त घरोघर फिरतात. मी स्वतः दिलेला एक मला चार वर्षांनी परत आलाय. बारशाच्या रिटर्न गिफ्टा, ऑनलाइन सेलमधून मागवलेली आणि परत करायची राहिलेली चप्पल. म्हातारी माणसं साठवतात ते जुनं असतं म्हणून डोळ्यांत येतं. आपण साठवतो ते खोक्यासकट असतं.

आता तिसरा प्रश्न: सासूबाईंना आजार आहे का.

वस्तू साठवण्याचा विकार नावाचं निदान आहे. पूर्वी त्याला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार समजत. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो स्वतंत्र विकार म्हणून आला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही आहे. साधारण शंभरात दोन-तीन माणसांत तो सापडतो. बहुतेकदा सुरुवात तरुण वयात, अगदी शाळेच्या वयातही झालेली असते आणि वयाबरोबर तो वाढत जातो, म्हणून आपल्याला म्हातारपणी दिसतो.

पण नुसतं ‘टाकवत नाही’ म्हणजे हा विकार नव्हे. मी दोन गोष्टी बघते. एक, वस्तू सोडायची वेळ आली की माणूस किती कासावीस होतं, तेही वस्तूची किंमत काहीही असली तरी. फाटकी पावती आणि सोन्याची बांगडी दोन्ही एकाच जोरानं धरली जातात का. दुसरी, खोली तिच्या कामाला येते का. कॉटवर झोपता येतं? ओट्यावर स्वयंपाक होतो? संडासापर्यंत अडखळल्याशिवाय जाता येतं? या विकारासाठी एक चित्रपट्टी वापरतात: स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली, प्रत्येकीचे नऊ-नऊ फोटो, पहिला मोकळा आणि नववा छतापर्यंत भरलेला. आपलं घर कितव्या फोटोसारखं आहे ते सांगायचं. चौथ्या किंवा त्यापुढचं असेल तर मदत घ्यायची वेळ आली. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं घर दुसऱ्या-तिसऱ्याच्या आसपास असावं. पाच माणसं दोन खोल्यांत राहणार म्हटल्यावर त्याहून मोकळं राहीलही कसं?

खरा विकार कसा दिसतो त्याची कल्पना यावी म्हणून सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एक निवृत्त गृहस्थ, राजारामपुरीत स्वतःचा फ्लॅट. दार पूर्ण उघडत नव्हतं, आडवं होऊन आत जावं लागे. हॉलमधून स्वयंपाकघरात जायला वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमधून एक पाऊलवाट. बसायला एकच खुर्ची, तीही त्यांनी माझ्यासाठी रिकामी केली, आणि ती रिकामी करायला त्यांना वीस मिनिटं लागली, कारण तिच्यावरचा प्रत्येक कागद वाचून मग दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवायचा होता. एका डब्यात कुकरच्या चौदा रिंगा निघाल्या. घरात कुकर नव्हता. ‘ज्याची त्याची रिंग वेगळी असते, मॅडम,’ ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. हुशार माणूस होता, शिस्तीचा, आणि आतून फार शरमिंदा. सहा वर्षांत घरी कुणाला बोलावलं नव्हतं. त्यांच्याबरोबर आम्ही दीड वर्ष काम केलं. या विकारावर सगळ्यात चांगला पुरावा बोलण्याच्या उपचारांचा, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणाऱ्या थेरपीचा आहे. बरोबर नैराश्य असेल तर औषधही लागतं. फ्लॅट शेवटी रिकामा झाला का? नाही. दार पूर्ण उघडायला लागलं, आणि पलंगाची एक बाजू मोकळी झाली. त्यांची बहीण पाडव्याला येऊन जेवून गेली.

एका बाबतीत मात्र थांबू नका. सासूबाई आयुष्यभर टापटिपीच्या होत्या आणि साठवणं गेल्या एक-दोन वर्षांतच सुरू झालं असेल, बरोबर विसरणं, पैशांचा घोळ, स्वभावात बदल, उकिरड्यावरच्या वस्तू उचलून आणणं असं काही असेल, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आता तुमच्याकडं येते. पत्र तुम्ही पसाऱ्याविषयी लिहिलंय, पण मला काळजी तुमची वाटली.

पुढचं जरा प्रामाणिकपणे तपासा. गेले दोन आठवडे किंवा जास्त, बहुतेक दिवस मन उदास आहे का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता काहीच वाटत नाही का? झोप मोडते, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा लागत नाही? भूक बदलली? स्वतःविषयी ‘मी नालायक आहे’ असं वारंवार येतं? यातलं बरंचसं ‘हो’ असेल तर घर आवरायला घेऊ नका. आधी डॉक्टरांकडं जा. नैराश्यात माणसाच्या अंगातला जोर आणि ठरवायची ताकद दोन्ही जातात, कपड्यांच्या घड्या घालणंही डोंगर वाटतो, घर विस्कटतं आणि मग त्या विस्कटलेल्या घराकडं बघून ‘आपल्याला एवढंही जमत नाही’ म्हणून मन आणखी खचतं. इथं पसारा हे लक्षण असतं. ताप असताना आपण थर्मामीटर पुसत बसत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. चाळिशीच्या आसपासच्या बायकांत चिडचिड, थकवा याला तेही कारण असतं, आणि मी स्वतः औषध देत नसले तरी हे दोन रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. लहानपणापासूनच तुमच्या वस्तू हरवतात, हाती घेतलेलं काम अर्धं राहतं, वेळेचा अंदाज चुकतो असं असेल तर तेही सांगा. मोठ्या माणसांतलं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आपल्याकडं ‘वेंधळी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं खपवलं जातं.

मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

यातलं काही नसेल, आणि नुसताच दिवसभराचा शिणवटा आणि घरातली कोंडी असेल, तर काय करायचं ते सांगते. मोबाइलवर दिसतात तसली पांढरी, रिकामी घरं डोळ्यांसमोर आणू नका. त्या घरांत कुणी भाकरी थापत नाही. माझं स्वतःचं टेबल तुम्ही पाहिलंत तर इथं सल्ला विचारणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या एका अभ्यासात (२०१३) विस्कटलेल्या टेबलाशी बसलेल्यांना जास्त नव्या कल्पना सुचल्या होत्या, तो मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवते. त्याच अभ्यासात नीटनेटक्या खोलीतल्या लोकांनी खायला चांगलं निवडलं आणि दानही जास्त केलं, तेवढं मी गाळते.

तुम्हाला घरात एक जागा हवी, जिथं नजर टेकली तर काही प्रश्न विचारणार नाही. तुमच्या दोन खोल्यांत ती कुठली? मला वाटतं ओट्याचा गॅसशेजारचा दोन हात भाग, किंवा तुमच्या कॉटची उशाकडची बाजू. फक्त तेवढी. रोज रात्री पाच मिनिटं देऊन ती मोकळी ठेवायची, बाकी घरात काहीही असो. घरातल्या सगळ्यांना सांगायचं, इथं काही ठेवायचं नाही. महिनाभर एवढंच करा. पेशंटना हे फार किरकोळ वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच तोंडून येतं की संध्याकाळी घरी आल्यावर आधी तिथं जाऊन उभी राहते.

मग तुमच्या स्वतःच्या वस्तू. सासूबाईंच्या नव्हेत, तुमच्या. जिथं जीव अडकत नाही तिथून सुरुवात: मुदत संपलेली औषधं, न चालणारे चार्जर, रद्दी, त्या ब्लाऊजपिसांचा गठ्ठा. एका वेळी एक खण, घड्याळ लावून वीस मिनिटं, संपली की उठायचं. रविवारी सकाळी अख्खं घर काढून दुपारी दोनला ढिगाऱ्यात रडत बसलेल्या बायका मी बघितल्यात. फोटो, पत्रं, मुलांची झबली शेवटी. सासूबाई हे सगळं बघत असतील, बघू देत. सून आपलं आधी काढते, हे त्यांना दिसायला हवं.

त्यांच्या वस्तूंसाठी तुमच्या हातात नवरात्र आहे, आणि ते मी मुद्दाम सांगते. कोल्हापुरात घटस्थापनेच्या आधी घर निघतंच. जळमटं, भांडी, वाकळा, सगळं बाहेर. पंचगंगेच्या घाटावर धुण्याची गर्दी. ही आवराआवर सासूबाईंच्या अधिकारातली आहे. सून ‘पसारा काढूया’ म्हणाली तर ते त्यांच्या संसारावर बोट ठेवणं होतं. ‘आई, घट बसायच्या आधी माळा काढायचा, तुम्ही खाली बसून सांगा, हे वर चढतील’ म्हटलं तर ते त्यांचंच काम होतं. आणि इथं तुमच्या मिस्टरांचं काम आलं. शिडीवर त्यांनी चढायचं. वस्तू खाली देताना त्यांनीच आईला विचारायचं, ‘हे काय करू?’ तुम्ही त्या वेळी चहा टाका, मध्ये बोलू नका.

‘टाकू का’ असं कुणीही विचारायचं नाही. ‘कुणाला देऊया’ असं विचारायचं. जुन्या माणसांना टाकणं हा गुन्हा वाटतो, देणं वाटत नाही. पितळी पातेली भाचीच्या नव्या घरात जाणार म्हटल्यावर हात सैल होतो. बोहारणीला चार साड्या देऊन एक स्टीलचं पातेलं घेताना तर घासाघीस करायला उत्साह येतो. (पातेलं पुन्हा घरातच येतं, हे मला माहीत आहे. चार साड्या गेल्या ना!) ज्याचं ठरत नाही त्यासाठी एक खोकं. त्यावर ‘गुढीपाडवा’ असं लिहायचं आणि बांधून माळ्यावर परत. पाडव्यापर्यंत त्यातलं काही लागलं नाही तर पुन्हा विचारायचं, तेव्हाही त्यांनाच. नाही म्हणाल्या तर नाही.

सासऱ्यांच्या कपड्यांची ट्रंक मी या सगळ्यातून वेगळी काढते. ते कधी गेले, तुम्ही लिहिलेलं नाही. ती ट्रंक पसारा नाही, आणि तिला हात लावायचा मुहूर्त तुम्ही ठरवायचा नाही. एका घरात अशाच ट्रंकेतल्या धोतरांची आणि सदऱ्यांची सासू-सुनेनं मिळून वाकळ शिवली. टाके सासूबाईंचे, चष्मा लावून सुई ओवायचं काम नातवाचं. मला वाटलं होतं त्यानंतर ट्रंक निघेल. नाही निघाली, वाकळच घडी घालून तिच्यात जाऊन बसली, वर डांबरगोळ्या. पण त्या दुपारी शिवता शिवता बाईंनी पहिल्यांदा नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाविषयी तोंड उघडलं, आणि ते घरातल्या कुणालाच धड माहीत नव्हतं.

मुलांवर ओरडण्याचं: संध्याकाळी घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाशी आवराआवरीवर बोलायचं नाही, असा नेम करून बघा. चप्पल काढा, तोंड धुवा, त्या मोकळ्या ओट्याशी उभं राहून चहा प्या. मग दप्तर कुठं फेकलंय ते बघा. ओरडलात तर नंतर मुलाला जवळ घेऊन सांगा की मी दमले होते. मुलांना ते कळतं.

एक महिन्यानं तुमची झोप आणि चिडचिड होती तशीच असेल तर प्रत्यक्ष या. रक्ताचे रिपोर्ट घेऊन या आणि पहिल्या वेळी मिस्टरांनाही आणा. सासूबाईंना आणू नका, त्यांना न विचारता तर नाहीच.